मुलाचे सांगणे न्यायालयापर्यंत शाबूत पोहोचू द्या

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपी सुटला की पुरावाच नव्हता असे म्हटले जाते आणि शिक्षा आणखी कडक करण्याची मागणी पुढे येते. जिल्हा न्यायालयात अशा खटल्यांत काम करणारी वकील म्हणून मला वाटते की, अडचण बहुतेक वेळा शिक्षेच्या तरतुदीत नसते. या गुन्ह्याला क्वचितच साक्षीदार असतो, त्यामुळे मुख्य पुरावा म्हणजे त्या मुलाचे सांगणे, आणि ते न्यायाधीशांपुढे येईपर्यंत त्याची जी झीज होते तिच्याकडे शासनाचे पुरेसे लक्ष नाही.

कायदा या बाबतीत मुलाच्या विरोधात नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या साक्षीवर आधारलेल्या रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच स्पष्ट केले होते की, साक्षीला अन्य पुराव्याचा दुजोरा हवाच असा कायद्याचा नियम नाही. तो सावधगिरीचा भाग आहे. १९९७ मध्ये महाराष्ट्रातीलच दत्तू रामराव साखरे खटल्यात, विश्वासार्ह वाटल्यास बालसाक्षीदाराच्या एकट्याच्या साक्षीवरही दोषसिद्धी होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. साक्षीदारासाठी किमान वयाची अट नाही. प्रश्न समजून त्याला सुसंगत उत्तर देता येते की नाही, एवढेच पाहायचे असते. शरीरावर जखम नसणे म्हणजे अत्याचार न होणे नव्हे, हेही न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे, आणि ते वैद्यकीयदृष्ट्याही खरे आहे, कारण स्पर्शाच्या गुन्ह्यात खूण राहतच नाही आणि इतर प्रकारांतही मूल बोलते होईपर्यंत ती बरेचदा भरून गेलेली असते.

मग साक्ष कोसळते कुठे? मूल आधी आईला सांगते, मग शिक्षिकेला, मग पोलिसांना, डॉक्टरांना आणि दंडाधिकाऱ्यांना. यातला प्रत्येक लिहिणारा आपापल्या भाषेत लिहितो. सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी 'सदर इसमाने अश्लील कृत्य केले' असे वाक्य घातले जाते, आणि उलटतपासणीत तेच वाक्य तिच्यापुढे ठेवून 'हे तू सांगितले होतेस का' असे विचारले जाते. ती खरेपणाने 'नाही' म्हणते. त्या एका उत्तराने विसंगती नोंदवली जाते, नाहीतर हे मूल पढवलेले आहे असा युक्तिवाद उभा राहतो. वास्तविक पॉक्सो कायद्याची, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याची, कलमे २५ आणि २६ सांगतात की, मुलाने जसे सांगितले तसेच लिहावे, आणि शक्य तेथे जबाबाचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे. मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल असेल तर दुभाष्याची तरतूदही त्यातच आहे. ही चित्रणे नियमाने होऊ लागली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत, असे मी अनुभवावरून म्हणते.

त्यात भर पडते विलंबाची. याच कायद्याच्या कलम ३५ नुसार न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. प्रत्यक्षात साक्षीची वेळ येते तेव्हा पहिलीतले मूल चौथीत गेलेले असते. लहान मूल तारीख लक्षात ठेवत नाही. त्याचा काळ 'गणपती बसायच्या आधी' किंवा 'मामाकडून आल्यावर' असा असतो, आणि काही वर्षांनी त्या खुणाही एकमेकींत मिसळतात. आरोपी नात्यातला असेल, जसा तो पुष्कळदा असतो, तर एवढ्या अवधीत घरातलीच माणसे मुलाला गप्प बसवतात आणि ते न्यायालयात फितूर होते.

या विलंबाची किंमत निर्दोष आरोपीही मोजतो, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. या कायद्याच्या कलम २९ नुसार उलट सिद्ध होईपर्यंत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते. हे गृहीतक आरोपीच्या विरुद्ध जाते, परंतु घटनेची मूलभूत तथ्ये आधी अभियोग पक्षाने सिद्ध करावीत, हे उच्च न्यायालयांनी अनेकदा बजावले आहे. ताजी आणि मुलाच्याच शब्दांतली साक्ष दोन्ही बाजूंना तपासता येते. शिळी साक्ष कोणालाच नीट तपासता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे मुलांसारख्या ज्यांना न्यायालयात निर्भयपणे बोलणे कठीण जाते अशांसाठी, प्रत्येक जिल्ह्यात साक्ष केंद्र असावे असे निर्देश दिले. आपल्या राज्यात त्यांपैकी किती केंद्रे खरोखर वापरात आहेत, तेथे आरोपी मुलाच्या नजरेस पडणार नाही अशी सोय आहे का, आणि मुलासोबत साहाय्यक व्यक्ती दिली जाते का, हे आपण उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने जाहीर करावे. विशेष सरकारी वकिलांना मुलांशी बोलण्याचे प्रशिक्षण मिळाल्याखेरीज ही प्रकरणे त्यांच्याकडे सोपवू नयेत. जबाबाचे चित्रण झाले नसेल, तर त्याचे लेखी कारण दोषारोपपत्रासोबत मागावे, आणि यासाठी गृह विभागाशी बोलणी आपणच सुरू करावीत. ३० दिवसांची मुदत ज्या खटल्यांत टळली, त्यांचा जिल्हावार तपशील विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा.

आपली,
जिल्हा न्यायालयातील एक वकील