गावनकाशातली तुटक रेष : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वेसावे (वर्सोवा) ते चौक (उत्तन) या किनाऱ्यावरील पायवाटेची शासनदप्तरी नोंद होणेबाबत.

महोदय,

विषय वाचून आपल्या कार्यालयातून हे पत्र बहुधा पर्यटन विभागाकडे 'उचित कार्यवाहीसाठी' रवाना होईल. कृपया होऊ देऊ नका. समुद्रकाठी पायी फिरण्याचा विषय पर्यटनाकडे गेला की त्याचे सुशोभीकरण होते, आणि सुशोभीकरण म्हणजे काय ते मुंबईकराला वेगळे सांगायला नको : पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, एक सेल्फी पॉइंट आणि दोन पावसाळ्यांनंतर उखडलेले पेव्हर ब्लॉक. मला काहीच बांधून नको आहे. जी वाट आहे ती नकाशावर घ्या, एवढेच म्हणणे आहे. नकाशे आपल्या खात्याकडे असतात, म्हणून पत्रही आपल्याकडे.

मी बोरिवलीत राहतो. बँकेतून निवृत्त झालो आहे. गेली एकोणीस वर्षे, पावसाळा सोडून, महिन्यातला एखादा रविवार या किनाऱ्यावर चालण्यात जातो. आधी एकटा जायचो, आता दहा-बारा जण असतो. सह्याद्रीतल्या वाटांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मुंबईच्या आत, बेस्टच्या तिकिटात पोचता येईल अशी एक दिवसभराची वाट आहे हे मात्र मालाडच्या माणसालाही सांगावे लागते.

वेसाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मढ. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला आणि आज हवाई दलाच्या ताब्यात. त्याला बाहेरूनच रामराम करायचा. मढ कोळीवाड्यात हिवाळ्यात वलांडींवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंच्या मांडवांवर, बोंबील वाळत असतात, त्यांच्यामधून वाकून जावे लागते. पुढे एरंगळ. १५७५ सालचे सेंट बोनाव्हेंचरचे चर्च अगदी वाळूला लागून उभे आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे सण असतो, त्या दिवशी चालायला जाऊ नये, जेवायला जावे. मग दानापानी, आक्सा. त्यानंतर नौदलाचा तळ लागतो, तिथे निमूटपणे रस्त्यावर येऊन मार्वेपर्यंत डांबर तुडवायचे. देशाच्या संरक्षणाशी माझे भांडण नाही. मार्व्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे मनोरी.

मनोरी-गोराईच्या खडकांवर मी नेहमी थोडा रेंगाळतो. आपण सारे काळ्या कातळावर वाढलेली माणसे, आणि इथला दगड मात्र फिकट, कुठे पिवळट, कुठे करडा. हे ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइट. दख्खनच्या लाव्ह्याचे मोठे थर साचून गेल्यावर, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी, इथे ज्वालामुखी पुन्हा धुमसला त्याची ही खूण. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी हातोड्या घेऊन येतात. बाकीचे लोक त्याच खडकांवर बसून बिअरच्या बाटल्या फोडतात.

गोराई ओलांडली की उत्तन. इथे वाळूवर कुठली खूण नसते, पण आपण मुंबई उपनगर जिल्ह्यातून ठाणे जिल्ह्यात आणि मुंबई महापालिकेतून मीरा-भाईंदरच्या हद्दीत आलेले असतो. शेवट चौकला. धारावीचा किल्ला तो हाच, झोपडपट्टीतली धारावी वेगळी. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या टेकाडासाठी किती रक्त सांडले, आणि हे हाती आल्याशिवाय खाडीपलीकडच्या वसईची नाकेबंदी का पुरी होत नव्हती, ते तिथे उभे राहिले की पुस्तक न उघडता कळते.

एवढ्या वाटेत मी आजवर कुठेही पायरी, कठडा किंवा बाक मागितलेला नाही. आताही मागतो आहे ती फक्त नोंद, आणि ती कशामुळे, ते सांगतो.

गेल्या जानेवारीत एरंगळ आणि आक्सा यांच्या मधल्या खडकांवर आम्ही अकरा जण होतो. द्वादशी होती, म्हणजे नऊच्या सुमारास भरती (तिथीवरून हा हिशेब कसा करतात ते पुढे सांगतो). नाश्त्याला वेळ घालवला ही चूक माझीच. आठ वाजता पाणी खडकांत शिरू लागले, तेव्हा नेहमीच्या बोळातून वर रस्त्याला लागायचे ठरले. बोळ नव्हता. म्हणजे जागा होती, पण तिच्यावर एका बंगल्याची नवी कोरी भिंत आणि लोखंडी फाटक. आतल्या रखवालदाराला हाका मारल्या. तो बिचारा म्हणाला, साहेबांना विचारल्याशिवाय उघडता येत नाही, आणि साहेब झोपलेत. आमच्यात एक पासष्टीच्या बाई होत्या, त्यांच्या चपला तोवर पाण्यात होत्या. शेवटी पाव किलोमीटर मागे येऊन एका कोळीणमावशींच्या अंगणातून बाहेर पडलो. "पानी थांबनार हाय का तुमच्यासाठी? या आत," एवढेच त्या म्हणाल्या आणि वाळत घातलेल्या सुकटीची चटई बाजूला ओढून आम्हाला वाट करून दिली.

ज्यांची जागा खरोखर खाजगी होती त्यांनी वाट दिली. ज्यांनी वाटेवर भिंत घातली ते झोपलेले होते.

आता कायद्याचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० आपल्याला मी काय सांगावे? सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, आणि भरतीरेषेखालचा समुद्राचा व खाड्यांचा तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे ओहोटीला आम्ही चालतो ती जमीन आपलीच. प्रश्न येतो तो त्या जमिनीवर उतरण्याच्या बोळांचा आणि जिथे पाणी थेट कातळाला भिडते तिथल्या वरच्या पायवाटेचा. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. त्या एकेरी रेषेला मुंबईत कुणी विचारत नाही. नगर भूमापन झाले, मिळकत पत्रिका आल्या आणि या सगळ्या उलाढालीत पायमार्ग कुठेतरी सांडले. त्यातच मढ-एरंगळ भागात खोटे नकाशे करून बंगले उभे राहिल्याचे प्रकरण किती गाजले ते आपल्याला ठाऊक आहे. जिथे बंगल्यासाठी नकाशा बदलतो, तिथे पायवाटेची रेष पुसायला कितीसा वेळ लागणार?

शेतकऱ्याची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे, तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पाणंद, म्हणजे शेतात जाणाऱ्या, रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावे योजनाही आणली. कोळ्याची पाणंद म्हणजे घरापासून पाण्यापर्यंतचा बोळ. तिचा विचार त्याच आस्थेने का होऊ नये? बोरिवलीच्या तहसीलदारांनी आणि ठाण्याच्या तहसीलदारांनी एकदा हातात जुने गावनकाशे घेऊन हा किनारा चालावा, जे बोळ वहिवाटीत आहेत ते मोजावेत, क्रमांक द्यावेत, आणि ज्यांवर भिंती आहेत त्या भिंतीच्या मालकाला नोटीस द्यावी. मोजणीला फार तर एक हिवाळा लागेल. वेल्सने २०१२ मध्ये आपल्या देशाच्या संपूर्ण किनाऱ्याची, सुमारे १४०० किलोमीटरची, पायवाट खुली केली. आम्ही तर दोन तालुक्यांतले वीस-बावीस किलोमीटर मागतो आहोत, तेही माझ्या पावलांच्या हिशेबाने.

दुसरी मागणी फळ्यांची. आक्सा दरवर्षी माणसे घेतो. 'पोहण्यास मनाई'चे फलक आहेत, कुणी वाचत नाही, कारण मनाई वाचून माणसाला काही कळत नाही. आज भरती किती वाजता, हे लिहा. त्यासाठी यंत्रसुद्धा नको, साधा काळा फळा आणि खडू. कोळीवाड्यात हा हिशेब तोंडी चालतो : तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण खडकावर अडकायचे की नाही एवढे ठरवायला तो हिशेब पुरतो. शिवाय उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती), हेही त्याच फळ्यावर यावे, कारण अष्टमीच्या भांगाला ज्या खडकावरून कोरड्या पायांनी जाता येते तो पौर्णिमेच्या उधाणात दिसतही नाही. फळा लिहायचे काम कोळीवाड्यातल्याच एखाद्या म्हाताऱ्याला मानधनावर द्या. हवामान खाते त्याच्याइतके स्वस्त पडणार नाही.

आणि फेरीबोटी. मढ-वर्सोवा पूल होणार म्हणून सगळे खूश आहेत, मीही असावे. पण वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी माणसाला मज्जाव आहे, अटल सेतूवरही आहे. या पुलावर चालायला जागा आहे का, हे आराखडा गोठण्याआधी कुणीतरी विचारा. नसेल, तर पूल झाल्यावर 'आता गरज काय' म्हणून फेरीबोट बंद पडू देऊ नका. त्या बोटीतून मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायकांना गाडीचा पूल काय कामाचा?

एक गोष्ट आमच्या विरुद्ध जाणारी आहे, तीही लिहितो. चालणारे लोक सगळे सज्जन नसतात. वलांडीवरचे बोंबील हाताळतात, जाळी विणत बसलेल्यांचे न विचारता फोटो काढतात, चिप्सची पाकिटे टाकतात. उत्तनला एका काकांनी आम्हाला सरळ विचारले होते, "तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही असे फिरलो तर चालेल का?" उत्तर नव्हते. म्हणून वाटेची नोंद करताना गावकऱ्यांची, त्यांच्या मच्छीमार सोसायट्यांची संमती आधी घ्या, आणि जिथे ते नाही म्हणतील तिथे वाट वळवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वाटही बंद ठेवा. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, त्यानंतर आम्ही उतरू. आणि कांदळवनातून लाकडी पूल वगैरे काढण्याचा मोह कुणाला झाला, तर कांदळवनांच्या तोडीला बंदी घालणारा उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल त्यांच्यासमोर ठेवा.

एवढे वाचूनही प्रकरण पर्यटनाकडेच पाठवावे असे वाटले, तर त्याआधी एकदा स्वतः चालून बघा. पंचमी बघून या. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि सहा तासांनी, सकाळी दहाच्या सुमारास, ओहोटी मिळते. सात वाजता वेसाव्याच्या धक्क्यावर भेटू. गाडी आणि ताफा तिथेच सोडावा लागेल. चपला जुन्या घाला, आणि येताना आपल्या दप्तरातला एरंगळचा जुना गावनकाशा बरोबर ठेवा.

आपला,
किनाऱ्याने चालणारा एक बोरिवलीकर