कानातल्याच्या हुकात काय आहे, ते ठोक विक्रेत्याने लिहून द्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत घरच्या घरी दागिने करून ते इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप किंवा ऑनलाइन बाजारपेठांवरून विकणाऱ्या महिलांविषयी वर्तमानपत्रांतून भरभरून लिहिले जाते. मीही याच व्यवसायात असल्याने ते आवडीने वाचते. कौतुक रास्तच आहे. मात्र हे दागिने ज्या धातूंचे असतात, त्यांत निकेल, शिसे किंवा कॅडमियम किती आहे याची चौकशी ना विकत घेणारी करते, ना विकणारी. केलीच, तर विकणारीला उत्तर मिळण्याची सोय नाही. या पत्राचा विषय ही गैरसोय आहे.

आम्ही मणी ओवतो, तार वळवतो, पदक जोडतो; पण कानातल्याचे हूक, काड्या, फिरक्या, साखळ्या, फासे आणि लहान कड्या तयार आणतो. मुंबईत भुलेश्वर किंवा मालाडच्या बाजारात हा माल मिळतो तो बिनछापील पारदर्शक पिशवीत. पिशवीला एक पिन मारलेली असते, आत कागदाचा चिटोरा असतो आणि त्यावर पेनाने लिहिलेला आकडा म्हणजे मालाचा नंबर. बिलावर ‘इमिटेशन पार्ट्स’ एवढेच. यात निकेल आहे का, असे एका दुकानात विचारल्यावर मला सांगण्यात आले, “ताई, बाहेर पाठवायचंय का? मग एक्स्पोर्ट क्वालिटी घ्या.” भाव जवळजवळ दुप्पट होता, पिशवी मात्र तशीच, आतल्या चिटोऱ्यासकट. एक्स्पोर्ट क्वालिटी म्हणजे नेमके काय, हे सांगणारा कागद कुठल्याच पिशवीबरोबर नव्हता.

निकेलचाच मुद्दा आधी का, तर त्याचा त्रास सर्वांत जास्त जणींना होतो. पितळेवर सोन्याचा मुलामा देण्यापूर्वी चकाकी यावी म्हणून खाली निकेलचा थर देण्याची पद्धत सर्रास आहे. घामाने आणि घासण्याने वरचा मुलामा उडाला की तो थर थेट कातडीला लागतो. कानाच्या पाळीला खाज सुटते, भोक चिघळते, पाणी येते, आणि घरात ‘हिला खोटं सोसत नाही’ असे म्हणून विषय संपतो. एकदा शरीराने निकेलशी वाकडे धरले की ते बहुधा जन्मभर टिकते. पुढे घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचे बटणही त्रास देऊ लागते. सध्या लोकप्रिय असलेले ‘जर्मन सिल्व्हर’ तर तांबे, जस्त आणि निकेल यांचेच मिश्रण आहे, त्यात चांदी औषधालाही नसते. तरीही ऑक्सिडाइज्ड झुमक्यांच्या फोटोखाली ‘स्किन-फ्रेंडली’, ‘अ‍ॅलर्जी-फ्री’ असे बिनदिक्कत लिहिले जाते. हाताने केलेली वस्तू आपोआप निर्धोक असते, अशी एक भाबडी समजूत त्यामागे असावी.

डेन्मार्कने १९९० मध्ये दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर बंधन घातले आणि १९९४ मध्ये युरोपीय संघाने तसाच नियम केला. ही मर्यादा धातूत निकेल किती आहे याची नसून त्यातून बाहेर किती सुटते याची आहे: कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भोकात घालायच्या काडीतून ०.२ मायक्रोग्रॅम. वस्तू कृत्रिम घामात ३० अंश सेल्सियसला आठवडाभर बुडवून ही चाचणी करतात. मुलामा दिलेली वस्तू असेल तर दोन वर्षांच्या वापराइतकी झीज आधी यंत्रात घडवून मग. हा फरक समजून घेणे गरजेचे आहे, कारण सराफ कट्ट्यावरच्या क्ष-किरण यंत्रात ‘निकेल’ दिसले म्हणजे वस्तू वाईट, असे होत नाही. चांगल्या प्रतीच्या ३१६एल स्टेनलेस स्टीलमध्ये दहा टक्क्यांहून अधिक निकेल असते, पण ते फारच थोडे सुटते.

शिसे आणि कॅडमियम यांचे तसे नाही. तिथे धातूत किती आहे हेच मोजतात, कारण धोका गिळण्याचा आणि चोखण्याचाही आहे. युरोपात दागिन्याच्या धातूच्या भागात कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्के आणि शिसे ०.०५ टक्के यांपेक्षा कमी असावे लागते. अमेरिकेत २००६ मध्ये मिनेसोटा राज्यात चार वर्षांचा एक मुलगा बुटांच्या जोडाबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचे पदक गिळून शिशाच्या विषबाधेने दगावला. ते पदक जवळजवळ शुद्ध शिशाचे होते. २००८ मध्ये तिथे मुलांच्या वस्तूंसाठी कडक कायदा आला आणि २०११ पासून शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १०० भाग झाली. लहान प्रमाणावर उत्पादन करणाऱ्यांना त्या कायद्यात काही चाचण्यांतून सवलत आहे, पण मुलांच्या धातूच्या दागिन्यातील शिशाच्या चाचणीला ती लागू नाही. आपल्याकडे बारशासाठी मनगट्या, वाळे आणि बिंदल्या ऑनलाइन मागवल्या जातात आणि त्या दिवसभर बाळाच्या तोंडात असतात. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मनगटीच्या पाकिटावर मात्र धातू कोणता, हे सांगणारा शब्द शोधून सापडत नाही. कॅडमियम आपल्याला अगदी अनोळखी आहे असेही नाही. सोन्याच्या झाळकामात ते वापरून केलेले ‘केडीएम’ दागिने अनेक घरांत आजही आहेत; त्याच्या धुराने कारागिरांच्या फुप्फुसांना अपाय होतो म्हणून ती पद्धत मागे पडली. कारागिरासाठी जे जाणले गेले, ते गिऱ्हाइकासाठी का जाणू नये?

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादकाच्या व्याख्येत इतरांनी बनवलेले सुटे भाग जोडून वस्तू तयार करणारा आणि दुसऱ्याच्या वस्तूवर स्वतःचे नाव लावणारा, हे दोघेही येतात. म्हणजे बाजारातून आणलेला हूक आणि मणी जोडून त्यावर आपल्या ब्रँडचे कार्ड लावणारी गृहिणी कायद्याच्या नजरेत उत्पादक आहे. हे आमच्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असते. परदेशी विक्रीत तर गाठ आणखी घट्ट आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमांनुसार तिथे माल विकणाऱ्या बाहेरच्या उत्पादकाचा युरोपात एक जबाबदार प्रतिनिधी असावा लागतो, त्याचे आणि उत्पादकाचे नाव-पत्ते विक्रीच्या पानावर द्यावे लागतात आणि धोक्याच्या तपासणीची कागदपत्रे दहा वर्षे जपून ठेवावी लागतात. वर्षाला दहा झुमके पाठवणारीलाही यातून सूट नाही. जर्मनीतल्या किंवा आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना ठुशी किंवा चिंचपेटी पाठवणे हा आमच्यापैकी अनेकींचा आनंदाचा भाग होता. आता कित्येक जणींनी यादीतून युरोपच काढून टाकला आहे.

हे नियम जाचक आहेत, असे रडगाणे मला गायचे नाही. निकेल आणि शिशाच्या मर्यादा योग्यच आहेत. अडचण आहे ती जबाबदारी साखळीच्या चुकीच्या टोकाला येऊन पडण्याची. मी एका नक्षीचे चार जोड करते आणि पुढच्या आठवड्यात नवी नक्षी घेते. प्रत्येक नक्षी प्रयोगशाळेत पाठवायची तर चाचणीत निदान एक जोड खर्ची पडणार आणि शुल्क चारही जोडांच्या किमतीहून अधिक होणार. याउलट, हजारो हुकांचा एक घाणा (एका वेळी ओतलेला माल) काढणाऱ्या किंवा आयात करणाऱ्याने त्या घाण्याची एकदा चाचणी केली, तर तोच कागद शेकडो जणींना पुरेल. घाऊक पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, मालाचे नाव आणि नग अथवा वजन लिहिण्याची अपेक्षा वैध मापन शास्त्राच्या नियमांत आहेच. त्यात मूळ धातू, मुलाम्याखालचा थर आणि घाण्याचा क्रमांक या तीन गोष्टींची भर घालणे हे काही अशक्य काम नाही. केंद्राने हा नियम करावा. तो होईपर्यंत ठोक व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आपणहून सुरुवात करावी. लेखी माहिती देणाऱ्याकडे आम्ही दोन पैसे जास्त देऊन जाऊ.

तोवर आम्ही हातावर हात धरून बसावे असेही नाही. डायमिथाइलग्लायॉक्झाइम या रसायनाच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा हुकावर अर्धा मिनिट घासला आणि तो गुलाबी झाला, तर निकेल सुटते आहे हे घरच्या घरी कळते. (बी.एस्सी.ला प्रयोगशाळेत निकेल ओळखलेल्यांना तो रंग आठवेल.) बोळा पांढराच राहिला म्हणजे युरोपचे प्रमाणपत्र मिळाले असे नव्हे, आणि शिसे-कॅडमियमबद्दल ही चाचणी चकार शब्द बोलत नाही, पण वाईट माल बाजूला काढायला ती पुरते. कानात जाणारी काडी तेवढी ९२५ चांदीची किंवा टायटॅनियमची घ्यावी, बाळांच्या वस्तूंत सुती दोरा आणि चांदी यांपलीकडे जाऊच नये, आणि हातात कागद नसेल तर ‘निकेल-फ्री’ हा शब्द लिहू नये. भ्रामक जाहिरातींविरुद्ध २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि ती लहान विक्रेत्यांनाही लागू आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे. रेझिनचे आणि टेराकोटावरील रंगांचे प्रश्न वेगळे आहेत. त्यांसाठी स्वतंत्र पत्र लागेल.

राज्य शासनाकडून अपेक्षा एवढीच, की जिल्हा उद्योग केंद्रांनी महिलांच्या गटांसाठी सुट्या भागांच्या सामायिक चाचणीची सोय करावी. पंधरा-वीस जणींनी मिळून एकाच घाण्याचा माल घ्यायचा, एकच नमुना पाठवायचा आणि अहवालाच्या प्रती वाटून घ्यायच्या, इतके साधे ते काम आहे. बचत गटांना पॅकिंग आणि फोटो काढण्याचे प्रशिक्षण दिले जाते, त्यातच धातूंवरचे एक सत्र बसू शकेल. आणि दिवाळीपूर्वीच्या शासकीय प्रदर्शनांसाठी स्टॉलचे अर्ज लवकरच निघतील, त्यांत ‘दागिन्याचा मूळ धातू व सुट्या भागांचा पुरवठादार’ असा एक रकाना या वर्षीपासूनच घालता येईल.

आपली विश्वासू,
एक घरगुती दागिने व्यावसायिक,
डोंबिवली