मग कार्ड मलाच का?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी कळव्यात राहते, शाळेत शिकवते आणि हिवाळा सुरू झाला की संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात शिट्टी फुंकते. गेल्या हंगामात नवी मुंबईतल्या एका मैदानावर महिलांच्या व्यावसायिक गटाचा सामना होता आणि मी सरपंच होते. (ग्रामपंचायतीतली नव्हे. कबड्डीतल्या मुख्य पंचाला आम्ही सरपंचच म्हणतो.) नाव सांगत नाही, स्पर्धेचंही नाही आणि जिच्याबद्दल लिहितेय त्या खेळाडू मुलीचंही नाही.

लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीपासून जेमतेम दोन हातांवर दोरी आणि दोरीला चिकटून खुर्च्या. पहिल्या रांगेतला एकजण पहिल्या चढाईपासून तिच्या मागे लागलेला. सुरुवातीला "घरी जाऊन भाकऱ्या भाज" एवढंच. मग रंगावर आला, मग तिच्या शॉर्ट्सवर आणि पुढचं मी इथे लिहू शकत नाही. आजूबाजूचे हसत होते. ज्यांनी कबड्डी खेळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, चढाईत तोंडातून 'कबड्डी कबड्डी'शिवाय दुसरा शब्द निघाला की चढाई संपली आणि गुण समोरच्यांना. म्हणजे तीस सेकंद समोर सात जणी, पाठीमागे तो माणूस, आणि तोंड खेळालाच बांधलेलं. तिने ते सगळं ऐकत दोन गुण आणले. मध्यरेषा ओलांडून परत आली, गुडघ्यावरची नी-कॅप ओढून काढली आणि त्याच्या तोंडावर भिरकावली.

मी पिवळं कार्ड दाखवलं. नियमच तसा आहे, दोन मिनिटं बाहेर. ती दोन मिनिटं त्याने टाळ्या वाजवल्या.

रात्री ठाण्याच्या गाडीत ती नेमकी माझ्यासमोर येऊन बसली. ऐरोली गेलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही ऐकलं होतं ना?" म्हटलं, ऐकलं होतं. "मग कार्ड मलाच का?"

माझ्या खिशात हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं असतात, साहेब. तिन्ही खेळाडूंसाठी.

आमच्याकडे प्रत्येक प्रशिक्षक मुलांना एकच सांगतो, दुर्लक्ष करा. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आले. काही बाबतीत ते बरोबरच आहे. "गेला, गेला, धरा" हा आरडाओरडा नसेल तर कबड्डी कसली? २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर आपल्याच लोकांनी हार्दिक पांड्याची हुर्यो उडवली. मला ते पटलं नाही, पण पैसे मोजून आलेल्या माणसाला नाराजी दाखवायचा हक्क आहे आणि त्याला उत्तर खेळूनच द्यायचं असतं. पण खेळावर ओरडणं वेगळं आणि अंगावर, रंगावर, आईबहिणीवर जाणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराकडेही दुर्लक्ष करा म्हणणं म्हणजे खेळाडूला एकटं सोडणं. तो मग कधीतरी फुटतो. १९९७ साली टोरांटोत भारत-पाकिस्तान सामन्यात भोंग्यावरून 'आलू' म्हणून चिडवणाऱ्यावर इंझमाम बॅट घेऊन धावला आणि दोन सामन्यांना मुकला. १९९५ मध्ये फ्रेंच फुटबॉलपटू कँटोनाने लंडनमध्ये प्रेक्षकाला लाथ घातली, तो आठ महिने खेळाबाहेर गेला. मात्र तिथल्या कोर्टाने पुढे त्या प्रेक्षकालाही दंड केला आणि वर्षभर मैदानबंदी घातली, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

व्यावसायिक खेळाडूने काय करावं, हे मला २०२१च्या सिडनी कसोटीत दिसलं. सिराजला सीमारेषेवर शिवीगाळ झाली. तो गप्प बसला नाही आणि प्रेक्षकांत घुसलाही नाही. चालत कर्णधाराकडे गेला, रहाणेने पंचांना सांगितलं, पंचांनी खेळ थांबवला आणि सहा प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढलं गेलं. पुढच्याच ब्रिस्बेन कसोटीत त्याने एका डावात पाच बळी घेतले. पण त्याच्या चालत जाण्याला अर्थ आला तो पलीकडे ऐकणारा कुणीतरी होता म्हणून. माझ्या मैदानात त्या मुलीने कर्णधाराला सांगितलं असतं, कर्णधार माझ्याकडे आली असती, तर मी काय केलं असतं? खरं सांगते, "खेळा, खेळा, वेळ जातोय" म्हटलं असतं.

हे कबूल करायलाच हवं, कारण कबड्डीच्या नियमात पंचांना वेळ थांबवता येतो. दुखापत झाली तर, आणि बाहेरच्यांचा व्यत्यय आला तर. आम्ही सगळे त्याचा अर्थ कुणी दोरी ओलांडून आत आलं तर असाच घेतो. शिवी दोरी ओलांडून आत आलेलीच असते, हे मला त्या रात्री गाडीत कळलं.

नियम बदलणं तुमच्या हातात नाही, तो संघटनेचा विषय. पण शासनाच्या अनुदानावर ज्या स्पर्धा होतात त्यांच्या अटी तुमचं खातं लिहितं. त्यात लिहा, की असली शिवीगाळ हा बाहेरच्यांचा व्यत्यय मानला जाईल, सरपंच सामना थांबवेल आणि तो माणूस मैदानाबाहेर गेल्याशिवाय घड्याळ सुरू होणार नाही. खुर्च्या दोन मीटर मागे न्या. महिलांच्या सामन्याला दोरीजवळ महिला पोलीस असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहेच, शब्दाने किंवा हावभावाने स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. पण रात्री दहा वाजता सामना सोडून पोलीस ठाण्यात कोण जाणार? आणि जिचा करार दरवर्षी नव्याने होतो ती तर अजिबात जाणार नाही. तिच्या नावावर आधीच एक पिवळं कार्ड आहे.

लेखी हवं म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. पहिल्या रांगेत बसणारा बहुतेक वेळा आयोजकांच्याच ओळखीचा असतो आणि आयोजकाच्या बॅनरवर कुणाकुणाचे फोटो असतात ते तुम्हाला माहीत आहे. हाती कागद नसलेला पंच त्या माणसाला उठ म्हणणार नाही. मी तरी म्हटलं नाही.

नेरूळच्या स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये जेमिमा रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून रडली, तेव्हा तिने प्रेक्षकांचे आभार मानले. याच शहरातले ते लोक. हे आठवलं की मला आमच्या दोरीजवळच्या हसणाऱ्यांचाही राग येत नाही. त्यातल्या निम्म्यांना पहिल्या वाक्याला कुणी दटावलं असतं तर ते गप्प बसले असते.

नव्या हंगामाच्या नेमणुकांची यादी लवकरच लागेल. त्याआधी खात्याकडून एक पानाचं परिपत्रक निघालं तरी पुरे. ती मुलगी अजून त्याच गाडीला असते आणि मी तिला उत्तर दिलेलं नाही.

आपली,
एक कबड्डी पंच
कळवा, जि. ठाणे