नाकात घालायचं पाणी उकळलेलंच हवं

न्यू ऑर्लिन्स, चैत्र

तीर्थरूप बाबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी आईनं फोनवर सांगितलं की बाबा योगवर्गात जलनेती शिकले आणि आता रोज सकाळी करतात. ऐकून बरं वाटलं. सगळी नोकरी मागाजवळ गेली, सुताचा तो बारीक धुरळा किती वर्षं नाकात गेला असेल तुमच्या! इथे या दिवसांत ओकच्या झाडांचे पिवळे पराग गाड्यांवर, ओट्यांवर साचतात आणि माझं नाक चोंदतं. मीसुद्धा मिठाच्या पाण्यानं नाक धुते. पराग, धूळ, घट्ट झालेला शेंबूड वाहून जातो, डोकं हलकं होतं. तेव्हा नेती सोडा असं मी म्हणणार नाही.

पण आई पुढे सहज म्हणाली, "पाणी सोलरचंच घेतात, आयतं कोमट असतं." तिथे माझा जीव थरारला. बाबा, सोलरचं, गिझरचं किंवा नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. उद्यापासून नाही, आजपासूनच.

कारण सांगते. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा राहतो. ते पाणी प्यायलं तर त्याच्यामुळे काही होत नाही. नाकात वर गेलं तर मात्र तो वास घेणाऱ्या नसेच्या वाटेनं थेट मेंदूपर्यंत पोचतो. आजार फार दुर्मीळ आहे. अमेरिकेसारख्या एवढ्या मोठ्या देशात वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण सापडतात. पण ज्यांना होतो त्यांच्यातले 97 टक्क्यांहून अधिक वाचत नाहीत. मी राहते त्याच लुइझियाना राज्यात 2011 साली दोन माणसं अशी गेली. दोघंही नळाचं पाणी नेतीच्या भांड्यात घालून नाक धूत होती. इथल्या नळाला स्वच्छ, क्लोरीन घातलेलं पाणी येतं, तरीही हे घडलं. 2023 मध्ये फ्लोरिडात आणखी एक माणूस याच कारणानं दगावला. आणि हे फक्त परदेशातलं नाही. केरळात 2024 आणि 2025 साली या आणि अशाच दुसऱ्या अमिबांमुळे मेंदूज्वराचे बरेच रुग्ण निघाले. तिथे तळी आणि विहिरींच्या पाण्याकडे बोट दाखवलं गेलं.

आता आपल्या घरचं बघा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून हौद भरून ठेवायचा, तिथून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन दिवसागणिक उडून जातं. वर एप्रिल-मेचं ऊन, टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. हा अमिबा 46 अंशांपर्यंतच्या पाण्यात मजेत वाढतो. नाकाला सुखावणारं कोमट पाणी त्यालाही तितकंच मानवतं. सोलरची टाकी आणि गिझर म्हणजे त्याच्या सोयीचीच जागा झाली. प्यायच्या पाण्याचं जे मशीन लावलंय, त्याच्यावरही यासाठी विसंबू नका. प्यायला चालणारं पाणी नाकाला चालतंच असं नाही, एवढं एक मनात पक्कं धरा.

उपाय साधा आहे. रात्री झोपताना स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा. खळखळ सुरू झाल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांना तीन मिनिटं लागतात, पण आपल्याकडे कळसूबाईचा माथासुद्धा तेवढा उंच नाही. मग झाकण ठेवून निवू द्या. सकाळी त्यातलंच थोडं पुन्हा गरम करून कोमट करा. सोलरचं पाणी त्यात मिसळून कोमट करायचं नाही, नाहीतर उकळण्याला अर्थ राहत नाही. उरलेलं पाणी एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, झाडांना घाला. कंटाळा आला तर औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा, पण त्यावर तसं छापलेलं हवं. बाजारातलं साधं बाटलीबंद पाणी म्हणजे ते नव्हे.

मिठाचं प्रमाण एका लिटरला 9 ग्रॅम. एका मोठ्या पेल्यात, म्हणजे साधारण 240 मिलीलिटरमध्ये, चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट आणि किंचित कमीच. आयोडीनचं मीठ काहींच्या नाकाला झोंबतं, म्हणून बिनआयोडीनचं, स्वच्छ, बारीक मीठ घ्या. वाण्याकडच्या खड्याच्या मिठात कचरा असतो, ते नको. चिमूटभर खायचा सोडा घातला की झोंबणं आणखी कमी होतं. मोजमापाची कटकट वाटली तर दुकानात नाक धुण्याची तयार पाकिटं मिळतात. मीठ कमी पडलं तरी नाक जळतं आणि जास्त झालं तरी जळतं. साध्या पाण्यानं तर डोळ्यांतून पाणीच येतं, तेव्हा मिठाशिवाय कधीच नको.

आई, आता तुझ्यासाठी. त्यांचा तो तांब्याचा नेतीचा लोटा मला पसंत नाही. मिठाचं पाणी तांब्यात ठेवू नये हे तू लोणच्याच्या वेळी आम्हाला कितीदा सांगितलंस. स्टीलचा घ्या. रोज वापरून झाला की साबणानं घासून, उकळलेल्या पाण्यानं विसळून पालथा घालायचा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. तो नळाखाली विसळला तर तेच पाणी पुन्हा तळाशी राहतं.

करताना बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडानंच. घाई नाही, जोर नाही. झाल्यावर थोडा वेळ पुढे वाकून उभे राहा, मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा. दोन्ही दाबून जोरानं शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा धुण्याच्या आधी मारू नका, औषध सगळं वाहून जाईल. धुऊन दहा-पंधरा मिनिटांनी मारा. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाक गच्च बंद असेल त्या दिवशी नेती नाही. एकीकडून घातलेलं पाणी दुसरीकडून येत नसेल तर जबरदस्ती न करता डॉक्टरांना दाखवा.

इतके दिवस सोलरच्या पाण्यानं केलं म्हणून घाबरून जाऊ नका. पण पुढच्या दोन आठवड्यांत दोघांपैकी कुणाला जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या किंवा मान आखडणं असं काही झालं, तर घरी गोळी घेऊन बघत बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि "नाकात नळाचं पाणी घालत होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. न सांगता त्यांच्या ते लक्षात येणार नाही.

योगवर्गातल्या बाकीच्यांनाही हे वाचून दाखवा, बाबा. त्यांच्याही गच्चीवर सोलर आहेच. गुरुजींना माझा नमस्कार सांगा आणि वर्गात पाणी कुठून येतं ते विचारून मला कळवा.

तुमची,
मंजू