दिवस भरण्याआधीची तयारी

प्रिय संजू,

परवा फोनवर तू म्हणालास, “बाळाची वाढ मागे पडलीय म्हणतात, कदाचित दिवस भरायच्या आधीच बाहेर काढावं लागेल,” आणि पुढे तुला बोलवेना. अशा गोष्टी फोनवर धड होत नाहीत, म्हणून लिहितोय. आमची लेक बत्तिसाव्या आठवड्यात झाली, तीही याच कारणाने, तेव्हा यातलं बरंचसं ऐकीव नाही. पण मी डॉक्टर नाही. माझं म्हणणं आणि तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं जिथे जुळणार नाही, तिथे त्यांचंच ऐकायचं.

आधी वहिनींपुरतं. “नीट खात नाहीस”, “किती धावपळ करतेस” हे घरात सुरू झालं असेल तर ते तू थांबव. बाळ मागे पडण्याचं कारण बहुतेक वेळा वारेत, म्हणजे प्लासेंटात, असतं. वार गर्भाशयात हवी तशी रुजली नाही, तिथल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, की आईने कितीही खाल्लं तरी ते बाळापर्यंत पुरतं पोचत नाही. कधी एखादा संसर्ग किंवा जनुकीय दोषही असतो. तशी शंका असेल तर डॉक्टर वेगळ्या तपासण्या सांगतात. दिवसभर अंथरुणाला खिळून राहिल्याने बाळ वाढतं, यालाही आधार नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. दमल्यावर पडावं, उताणं न झोपता कुशीवर झोपावं, घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद. दुप्पट जेवायचा आग्रह करणारी माणसं प्रेमानेच करतात, पण त्यातून आईला एवढंच ऐकू येतं की दोष तिचा आहे.

आता तो आकडा. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर वजनाशेजारी पर्सेंटाइल असतो. तो दहाच्या खाली असला, तर तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांतल्या सगळ्यांत लहान दहांमध्ये तुमचं बाळ बसतं. त्या दहांतली काही आईबापांसारखी मुळातच लहान चणीची असतात आणि ठणठणीत असतात. तीनच्या खाली गेला तर मात्र काळजी जास्त. शिवाय पोटातल्या बाळाला कुणी काट्यावर ठेवत नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून ती मापं सूत्रात घालतात, आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडतो. १२०० ग्रॅम लिहिलेलं बाळ १०५० चं असू शकतं, १३५० चंही. म्हणूनच वाढ बघायची सोनोग्राफी साधारण दोन आठवड्यांच्या आत पुन्हा करत नाहीत. तेवढ्या दिवसांतली वाढ मोजमापाच्या फरकातच हरवते. तू ग्रॅमचा तक्ता करून कपाटाला चिकटवलायस म्हणे. काढून टाक.

विचारायचं ते हे: डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, कसा आहे? बाळाचं हृदय नाळेतून वारेकडे रक्त ढकलतं. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीही रक्त पुढेच जात राहायला हवं. वारेतला अडथळा वाढत गेला, की त्या मधल्या क्षणीचा प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, आणि परिस्थिती फारच बिघडली तर उलटा फिरतो. पडद्यावर डोंगररांगेसारखी नक्षी दिसते. दोन शिखरांमधली दरी खालच्या रेषेला टेकली की प्रवाह थांबला, रेषेखाली गेली की उलटला. दुसरी नोंद मेंदूच्या रक्तवाहिनीची. रसद तुटायला लागली की बाळ मेंदूकडे जास्त रक्त वळवतं आणि हात-पाय, आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाट्याचं कमी करतं. म्हणून अशा बाळांचं डोकं ठीक भरतं आणि पोटाचा घेर मागे राहतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरायच्या ऐवजी मला त्या जिवाचं कौतुकच वाटलं.

यावरूनच तारीख ठरते. फक्त वजन कमी आणि डॉपलर चांगला, तर बहुतेकदा सदतिसाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याही पुढे थांबतात. मधला प्रवाह थांबला असेल तर साधारण तेहतीस-चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बाळ बाहेर काढतात, उलटा झाला असेल तर तीस ते बत्तीसच्या दरम्यान. हा ढोबळ हिशोब. वहिनींचं बीपी, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, बाळाभोवतीचं पाणी किती आहे, यावर तो रोज बदलू शकतो. “जितके दिवस आत, तितकं चांगलं” असं तुला दहा जण सांगतील. वार नीट काम करत असेल तर त्या बाळाला ते लागू आहे. उपाशी राहणाऱ्या बाळाच्या बाबतीत एक दिवस असा येतो, की आत थांबणं हेच जास्त धोक्याचं होतं. तो दिवस ओळखणं डॉक्टरांचं काम. तुमचं काम एवढंच, की तो उद्या आला तरी तुमची तयारी असावी. आणि सातव्या महिन्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही, ही समजूत कुणी बोलून दाखवली तर सरळ उडवून लाव. आठव्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतात, यात वाद नाही.

तयारीत सगळ्यांत वरची गोष्ट रुग्णालयाची. जिथे एवढ्या लहान बाळांचा एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे, तिथेच बाळंतपण व्हायला हवं. जन्मल्यावर बाळाला अँब्युलन्समधून हलवण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं केव्हाही सुरक्षित. तेव्हा आत्ताच स्पष्ट विचार: किती आठवड्यांपर्यंतचं बाळ तुम्ही इथे सांभाळता? रात्री नवजात शिशूंचे डॉक्टर हजर असतात का? आईबापांना आत किती वेळ बसू देतात? जमलं तर एनआयसीयू आधीच एकदा बघून या. आम्ही गेलो होतो. त्या नळ्या आणि ते आवाज परक्याच्या बाळाभोवती आधी पाहिले असले, की आपल्या बाळाभोवती पाहताना पाय तेवढे लटपटत नाहीत. विम्यात बाळाला पहिल्या दिवसापासून धरतात का, हेही याच आठवड्यात विचारून ठेव.

बॅग भरून दाराशी ठेवा. सगळे रिपोर्ट एका फायलीत, तारखेप्रमाणे, सर्वांत नवा वर. आणि वहिनींनी बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवायचं. रोजच्यापेक्षा हालचाल मंदावली वाटली, तर “सकाळी बघू” नाही, त्याच वेळी निघायचं. तसंच सणसणीत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज: वारेच्या दोषासोबत बीपी चढण्याचा त्रास बऱ्याचदा येतो, आणि त्यात तासांना किंमत असते. दहा वेळा उगाच गेलात तरी कुणी हसत नाही.

बाळंतपण जवळ आलंय असं वाटलं की वहिनींना स्टेरॉइडची इंजेक्शनं देतील. नावाला घाबरू नका. न्यूझीलंडचे लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर अभ्यास करत होते; कळा कशाने सुरू होतात हे त्यांना शोधायचं होतं. स्टेरॉइड दिलेली कोकरं इतक्या लवकर जन्मली की ती जगायलाच नको होती, पण ती श्वास घेत होती. त्यावरून त्यांनी आणि त्यांचे सहकारी हाउई यांनी गर्भवती स्त्रियांवर चाचणी केली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. आज साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या बाळंतपणाआधी ही इंजेक्शनं नेहमीची झाली आहेत. बीटामेथासोन असेल तर २४ तासांच्या अंतराने दोन, डेक्सामेथासोन असेल तर १२ तासांच्या अंतराने चार. फुप्फुसं तयार व्हायला मदत होते, मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी होतो. दिल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा उपयोग सर्वांत जास्त, म्हणून “आत्ताच देऊन टाका” म्हणून मागे लागू नकोस. बाळ फारच आधी येणार असेल तर सलाईनमधून मॅग्नेशियमही देतात, बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी. ते चढताना अंगाची आग झाल्यासारखी वाटते. वहिनींना आधी सांगून ठेव, नाहीतर काहीतरी बिघडलं असंच वाटतं.

सिझर होण्याची शक्यता बरीच धरून चाल. आधीच अशक्त झालेल्या बाळाला कळांचा ताण सोसत नाही. जन्मल्याबरोबर रडणं ऐकू येईलच असं नाही. फार लहान बाळाला न पुसताच मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. बघून धस्स होतं, पण ते ऊब टिकवण्यासाठी असतं. मग बाळ एका मजल्यावर, बाळंतीण दुसऱ्या मजल्यावर, आणि दोन्हीकडे धावायला तू. बाळासोबत तू जायचंस, वहिनींजवळ दुसरं कुणीतरी, हे आधीच ठरवून ठेवा. परवानगी असेल तर फोटो काढ आणि आधी त्यांना दाखव, मग बाकीच्या जगाला.

दुधाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे तुम्हा दोघांच्या हातात खरंच काही आहे. पोटात असताना या बाळांच्या आतड्यांना रक्त कमी मिळालेलं असतं, म्हणून दूध अगदी थेंबाथेंबाने सुरू करून सावकाश वाढवतात. आईच्या दुधाने आतड्यांना सूज येऊन ती सडण्याच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो. वरच्या दुधाने तो वाढतो. आईचं कमी पडलं तर मिल्क बँकेचं दूध मिळेल का, तेही विचारून ठेव. बाळ ओढू शकत नसतं, तेव्हा जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला लागायचं, आणि मग दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा. पहिल्यांदा जे निघतं ते एक मिलीच्या सिरिंजचा तळ जेमतेम झाकतं. पिवळसर, चिकट. सिरिंजवर नाव, तारीख, वेळ लिहायची आणि ती हातात धरून जिने चढायचे. माझी बायको शुभा म्हणाली, “एवढंसं घेऊन कुठे जातोस?” नर्सने ते थेंब जपून घेतले आणि कापसाने लेकीच्या गालांच्या आतून फिरवले. तिने जीभ हलवली. त्यानंतर शुभाने पहाटेचा गजर एकदाही चुकवला नाही.

पेटीतल्या (इन्क्युबेटरमधल्या) दिवसांबद्दल थोडंसंच. वजन सुरुवातीला घटतं, सगळ्यांचंच घटतं. लहान बाळांची साखर पटकन उतरते, म्हणून टाचेतून वारंवार रक्त घेतात. श्वास घ्यायला विसरतात, म्हणून चक्क कॅफीन देतात. कावीळ होते, निळ्या दिव्याखाली ठेवतात. मशीन वाजलं की पडद्याकडे बघायची सवय लागते. नर्स आधी बाळाकडे बघतात, तसंच तूही कर. एक दिवस पुढे, एक दिवस मागे असं चालतं, आणि मागे जाण्याच्या दिवशीच घरच्यांचे फोन जास्त येतात. सगळ्यांना बातमी द्यायला एकच माणूस नेम. तो तू नसावास.

परवानगी मिळाली की बाळाला उघड्या छातीवर घ्या, तूसुद्धा. या कांगारू पद्धतीची सुरुवात कोलंबियात, बोगोटामध्ये १९७८ साली झाली, तीही पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. ती निव्वळ मायेची गोष्ट राहिलेली नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी ठेवल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. पुढे बटणं असलेले शर्ट घेऊन जा, आणि वास येणारं काही लावू नकोस.

ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. घरी सोडताना बाळ तोंडाने पितंय, ऊब धरून ठेवतंय, वजन वाढतंय आणि मध्येच श्वास थांबवत नाही, हे बघतात. फक्त किलोचा आकडा नाही. ढोबळमानाने दिवस भरण्याच्या मूळच्या तारखेच्या आसपासचा काळ मनात धरून चल. रजा आत्ताच उधळू नकोस. खरी गरज बाळ घरी आल्यावर लागते. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सांगितली तर तिची तारीख काही झालं तरी चुकवायची नाही, कारण तो दोष वेळेत सापडला तर उपचार होतो आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. कानांची तपासणीही करून घ्या. बसणं, रांगणं मोजताना वय जन्मतारखेपासून नाही, मूळच्या तारखेपासून धरायचं. नातेवाइकांना हे पटत नाही. न पटू दे.

सगळं बिनसणारच आहे असं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. कदाचित डॉपलर शेवटपर्यंत चांगला राहील, तुम्ही सदतिसावा आठवडा गाठाल आणि भरलेली बॅग नेहमीच्या बाळंतपणाला उपयोगी पडेल. पुढची सोनोग्राफी झाली की वजनाचं पान नको पाठवूस, डॉपलरचं पाठव. आणि रुग्णालयात ते प्रश्न विचारलेस का, तेही कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू