पाठीमागून बघा, म्हणालेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण बडोद्याच्या फाइन आर्ट्समधल्या, म्हणजे तिथल्या कलाशिक्षणाच्या संस्थेतल्या प्रदर्शनात, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या त्या बाईच्या भाजलेल्या मातीच्या शिल्पापाशी तुम्ही मला जो वेळ दिलात, त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

मी तुम्हाला अर्थ विचारला होता. तुम्ही तो सांगितला नाहीत. "आधी पाठीमागून बघा," म्हणालात.

पुढून ती बाई कोरडी, मातकट. पाठीवर मात्र हिरवट निळं ग्लेझ खांद्यापासून ओघळलेलं, मणक्याच्या उंचवट्यावर पातळ होऊन तपकिरी झालेलं, कमरेच्या खळग्यात साचून गडद झालेलं. ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळणारी काच, ती उतार बघून वाहते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्या पाठीकडे बघण्याची माझी रीतच बदलली. मग उघड्या मानेतून आत डोकवायला लावलंत. आत सगळं पोकळ, भिंत जेमतेम बोटभर जाडीची, मातीच्या वळ्या एकावर एक रचून दाबताना उमटलेले बोटांचे ठसे तसेच. भरीव ठेवलं तर आत ओल राहते, तिची वाफ होते आणि काम भट्टीतच फुटतं. शिवाय वाळताना आणि भाजताना माती साधारण दहावा हिस्सा आक्रसते. म्हणजे करणाऱ्याच्या हातात ही बाई आजच्यापेक्षा मोठी होती!

आणि ती गुडघ्याजवळची भेग. मी ती पाहून पुढे सरकले होते, तुम्ही थांबवलंत. भेगेच्या कडा बघा, म्हणालात. कडा धारदार असत्या तर भट्टी निवताना तडा गेला असं धरायचं. इथे कडा गोलसर होत्या आणि तळाशी ग्लेझ उतरलेलं होतं. म्हणजे भेग आधीचीच. पहिली, ग्लेझ देण्याआधीची भाजणी, जिला बिस्किट म्हणतात, साधारण १००० अंशांना होते, तिथून बाहेर आल्यावर करणाऱ्याला ती दिसली असणार. टाकून देता आलं असतं. त्याने तिच्यावर ग्लेझ दिलं आणि स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारखी कडक भाजणाऱ्या मातीच्या, १२०० अंशांच्या वरच्या आगीत पुन्हा ठेवलं. सबंध अंगावर पुढच्या बाजूला ग्लेझ आहे ते फक्त तेवढ्याच जागी, हे मला त्यानंतर दिसलं, आणि ते तुम्ही दाखवलं नव्हतंत. माझं मीच पाहिलं. त्याचा आनंद अजून उतरलेला नाही.

अभिप्रायाच्या वहीत लोक 'सुंदर', 'अप्रतिम' लिहितात, मीही आजवर तेच लिहीत आले. त्या दिवशी लिहिलं: "या बाईचं दुखणं लपवलेलं नाही, पाठीवरचं निळं पाणी तिथवर आणून ठेवलंय." बरोबर की चूक कोण जाणे, पण शब्द माझे होते आणि समोरच्या मातीतून आले होते.

इथे १९५० पासून फाइन आर्ट्स शिकवतात. ज्योत्स्ना भट्ट यांनी इथेच कित्येक वर्षं सिरॅमिक शिकवलं, त्यांची मांजरं आणि घुबडं बडोदेकरांच्या ओळखीची. त्या २०२० मध्ये गेल्या. असं शिकवणं त्या इमारतीतून बाहेर पडून आमच्यासारख्या दांडिया बाजारातल्या माणसांपर्यंत येतं ते तुमच्यासारख्यांमुळे, असं मला मनापासून वाटतं.

एक विनंती आहे. शिल्पाला हात लावायचा नसतो म्हणून तुम्ही पिशवीतून तशाच मातीची, तशाच ग्लेझची टेस्ट टाइल, म्हणजे नमुन्याचा छोटा तुकडा, काढून माझ्या हातावर ठेवली होतीत. कोरडी बाजू खरखरीत, ग्लेझची गार आणि गुळगुळीत. माझ्या आईला आता फार कमी दिसतं. रविवारी दुपारी तिला घेऊन येते आहे. भेगेचं आणि पाठीचं मी तिला सांगेन, तुम्ही ती टाइल तेवढी आणाल का?

तुमची,
दांडिया बाजारातली एक प्रेक्षक