‘कॉस्मेटिक’ची व्युत्पत्ती उलटी सांगितली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील सौंदर्यप्रसाधनांवरचा लेख आवडीने वाचला. उटणे, चंदन, हळद यांविषयीची त्यातली माहिती चांगली आहे. मात्र रोममधील श्रीमंत स्त्रियांचा साजशृंगार करणाऱ्या ‘कॉस्मेटी’ नावाच्या दासांवरून ‘कॉस्मेटिक’ हा शब्द आला, असे जे विधान लेखाच्या आरंभीच ठामपणे केले आहे, ते उलटे आहे. ‘मोटार’ हा शब्द मोटारवाल्यावरून आला असे म्हणण्यातलाच हा प्रकार झाला.

असे दास होते, हे खरे. जुव्हेनाल या रोमन कवीच्या सहाव्या उपरोधिकेत त्यांचा उल्लेख येतो. पण त्यांचे ते नावच मुळी ग्रीकांकडून उसने घेतलेले आहे. ग्रीक भाषेत ‘कॉस्मॉस’ म्हणजे नीट लावलेली रचना, शिस्त, आणि त्याच वेळी आभूषणही. त्यापासून ‘कोस्मेइन’ हे क्रियापद झाले आणि त्यापासून ‘कोस्मेटिकोस’, म्हणजे सजवण्याच्या कलेत निपुण. होमरच्या ‘इलियड’च्या आरंभी अॅगमेम्नॉन आणि मेनेलाओस या दोघा भावांसाठी याच धातूपासूनचा शब्द वापरला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ सैन्याची रांग लावणारे, लोकांना शिस्तीत उभे करणारे असा आहे. अथेन्समध्ये तर ‘कोस्मेटेस’ हा एक अधिकारीच असे. लष्करी शिक्षण घेणाऱ्या तरुणांवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. विश्वालाही ‘कॉस्मॉस’ म्हणण्याची कल्पना परंपरेने पायथागोरसच्या नावावर सांगितली जाते. लॅटिनमधील ‘मुंडुस’ या शब्दालाही हेच दोन अर्थ आहेत : जग, आणि स्त्रीचे प्रसाधनाचे साहित्य. रांगेतले सैनिक, आकाशातले तारे आणि वेणी घातलेले केस या तिन्हींना एकच शब्द चालावा, यात ग्रीकांना काही वावगे वाटत नव्हते. इंग्रजीत ‘कॉस्मेटिक’ हा शब्द सतराव्या शतकात रुळला. १६०५ साली फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंताने देहाविषयीच्या विद्यांची विभागणी करताना वैद्यकाच्या शेजारीच ‘कॉस्मेटिक’ला जागा दिली आणि तिथेही शरीराची स्वच्छता आधी सांगितली, नटणे नंतर.

हे वाचताना मला आमच्या आईची फणेरपेटी आठवते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी ती देवघराबाहेरच्या कोनाड्यात असे. शिसवी लाकडाची, झाकण उघडले की आतल्या बाजूला पारा उडालेला आरसा, खाली लहानमोठे कप्पे : एकात मेणाची डबी, तिच्याशेजारी कुंकवाचा करंडा, मग काजळ, आणि पुढच्या लांबट कप्प्यात लाकडी फणी. आधी बोटाने मेण, मग त्यावर कुंकू, हा क्रम कधी चुकायचा नाही, आणि आम्ही पोरांनी एखादी डबी दुसऱ्या कप्प्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणी बसायची. उल्पियन या रोमन कायदेपंडिताने मृत्युपत्रांच्या संदर्भात ‘स्त्रीचा मुंडुस’ कशाला म्हणावे, याची व्याख्या केली आहे. स्त्री ज्याने अधिक स्वच्छ, नीटनेटकी होते ते, असे तो म्हणतो, आणि आरसे, सुगंधी लेप, लेपांची भांडी अशी यादी देतो. दागिने तो त्यातून वेगळे काढतो. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संहितेत हा उतारा आहे. त्या यादीत आईची पेटी बिनदिक्कत बसली असती.

आपल्याकडेही शब्दांची वाट फारशी निराळी नाही. ‘अलंकार’ हा शब्द ‘अलम्’, म्हणजे पुरेसे, आणि ‘कृ’, म्हणजे करणे, यांपासून आला आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंडलात वायूला बोलावताना सोमरस ‘अरंकृत’ आहेत असे म्हटले आहे. म्हणजे ते सिद्ध करून, तयार करून ठेवले आहेत. ‘प्रसाधन’ म्हणजेही मुळात सिद्ध करणे, नीट लावणे, आणि अमरकोशात ‘प्रसाधनी’ म्हणजे चक्क फणी. (त्याच प्रसाधनाचे ‘गृह’ होऊन ती पाटी आज नाट्यगृहात कुठल्या दारावर लागते, हे वाचकांना सांगायला नको.) ग्रीक शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द कोणता असे मला कोणी विचारले, तर मी ‘सौंदर्यप्रसाधन’ न सांगता ‘वेणीफणी’ सांगेन.

मग ‘कॉस्मेटिक’ला ‘वरवरचा, दिखाऊ’ हा अर्थ कुठून चिकटला? तो आजकालच्या पत्रकारांनी लावला, असेही म्हणता येत नाही. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस रंगरंगोटीच्या कलेला फसवी ठरवतो, व्यायामाने येणाऱ्या खऱ्या सौष्ठवाची ती नक्कल आहे म्हणतो. पण तिथे शब्द ‘कोम्मोटिके’ असा दुसराच आहे. पुढे गॅलेन या वैद्याने दोन्ही शब्द समोरासमोर ठेवून रेघ ओढली : देहाचे नैसर्गिक रूप राखणारी ‘कोस्मेटिके’ ही वैद्यकाचा भाग, नसलेले रूप आणणारी ‘कोम्मोटिके’ वैद्यकाच्या बाहेर. आपण आज पहिलीचे नाव घेतो आणि दुसरीला शिव्या देतो.

ही रेघ माझ्या ओळखीची आहे, कारण धंतोलीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात मला ती रोजच ओढावी लागे. आपल्याकडचा १९४०चा ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा’ आधी केवळ औषधांचा होता. सौंदर्यप्रसाधने त्यात १९६२च्या दुरुस्तीने आली, आणि साबण तर १९८२च्या दुरुस्तीपर्यंत त्या व्याख्येतून वगळलेला होता. शरीराला चोळायची, शिंपडायची, फवारायची किंवा लावायची वस्तू, स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी वा रूप बदलण्यासाठी, अशी ती व्याख्या आहे. तिथेही स्वच्छता पहिली! औषध विकायला परवाना लागतो, पावडर विकायला लागत नाही; त्यामुळे रेघेच्या कुठल्या बाजूला काय आहे, याला महत्त्व येते. एकदा एक मुलगी रिकामी ट्यूब घेऊन आली. “काका, हेच द्या. साधं कॉस्मेटिक आहे, मैत्रीण रोज लावते.” पाहतो तर स्टेरॉइडचे मलम. चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, आणि रोज लावले तर चेहऱ्याची कातडी पातळ होईल, असे सांगितले. तिने ट्यूब उचलली आणि समोरच्या दुकानात गेली.

शब्दांचे अर्थ बदलतात, हे मला मान्य आहे, आणि बातमीतून ‘कॉस्मेटिक’ हद्दपार करा असा माझा आग्रह नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर खड्ड्यांत डांबराची ठिगळे मारली जातात, तेव्हा आपल्या बातमीदारांनी त्याला ‘कॉस्मेटिक दुरुस्ती’ का म्हणावे? रंगसफेदी, मलमपट्टी, मुलामा, वरवरची डागडुजी, एवढे शब्द आपल्या हाताशी आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द इतवारीच्या बाजारात कोणालाही कळतो. त्या ठिगळांत रचना नाही, शिस्त नाही. ग्रीक अर्थाने तर ती मुळीच ‘कॉस्मेटिक’ नाहीत.

व्युत्पत्तीची दुरुस्ती मात्र येत्या रविवारच्या पुरवणीत, निदान दोन ओळींत छापावी, ही विनंती. असे लेख शाळांच्या फलकांवर उतरवून घेतले जातात, आणि एकदा खडूने लिहिलेली रोमन दासांची गोष्ट पुसायला अवघड जाते.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
धंतोली, नागपूर